मध्यधारेपर्यंत

दस्तात लिहिलंय:
सुरुवात खडकात पाडलेल्या छिद्रापासून,
तिथून उत्तरेच्या पूर्वेला बारा अंश, अठरा रॉड, चेस्टनटच्या झाडापर्यंत,
तिथून टफ्ट्सच्या कुंपणाने कालव्याच्या काठापर्यंत,
तिथून नदीच्या मध्यधारेपर्यंत,
आणि मग धारेधारेने परत खडकाशी.
साल अठराशे एकोणतीस.

खडक आहे.
छिद्रात पावसाचं पाणी आणि एक मेलेला मुंगळा.

चेस्टनट नाही. या खोऱ्यातले सगळेच गेले,
एकाच रोगाने, ओडील गाबूरीच्या आजोबांच्या तरुणपणी.
टफ्ट्स नाही, कुंपण नाही.
उत्तरसुद्धा नाही तिथे:
होकायंत्राची सुई तेव्हापासून सात अंश सरकलीय,
म्हणून ओडील आधी उत्तर फिरवून घेते
आणि मगच तिपाई रोवते.

निल्टन पल्याड काठी धरून उभा.
केप व्हर्दच्या आजीचा हा नातू, कामावर तिसरा महिना.
"डावीकडे. अजून. तुझी डावी नाही, माझी."

मधे कालवा. म्हणजे एक लांबट खळगा,
त्यात मेपलचा पाला, शॉपिंगची एक ट्रॉली,
आणि काठाने घोड्यांनी घट्ट करून ठेवलेली वाट,
जिच्यावर अजून झुडूप धरत नाही.
वीसच वर्षं चालला. पाणी एक, मागणारे दोन:
बोटींना हवं तरंगायला, गिरणीला हवं पडायला.
उन्हाळ्यात कुणीतरी रात्री येऊन
कालव्याच्या दारांत दगड लोटून जायचं.
त्यातला एक ओडीलला सापडतो, घडीव, गिरणीच्याच पायाचा.
ती त्याचा फोटो काढते. वहीत लिहीत नाही.
चोरी हद्दीत धरत नाहीत.

आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ.
या नदीचं नावच ब्लॅकस्टोन
आणि रेघ मात्र पाण्यावरची.

गिरणीत आता फ्लॅट होणार आहेत. म्हणून ही मोजणी.
चाक कधीच भंगारात गेलं, त्याची खोली उरलीय,
भिंतीवर चाकाने घासलेली अर्धी कमान,
चंद्रकोरीसारखी म्हणावी तर चंद्राला एवढं ओरखडलेलं कुणी पाहिलं नाही.

आणि नदी?
पंचावन्नच्या पुरात नदीने एका रात्रीत कूस बदलली.
कायदा इथे विचित्र, किंवा फार शहाणा:
नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्यामागे जाते,
उडी मारली
तर हद्द राहते जुन्या पात्रात, वाट बघत.

जुनं पात्र म्हणजे याद्विगाबाईंचा कोबीचा वाफा.

त्या बाहेर येतात, हातात चाळणी तशीच.
"मधली धार? इथे?
इथे मला पाण्यासाठी पाइप ओढावा लागतो, पोरी."
ओडील समजावते. कागद दाखवते.
त्या कागद बघत नाहीत, निल्टनचे बूट बघतात.
"नऊ वर्षांची होते मी. वडील सूतखात्यात, रात्रपाळीला.
सकाळी पलीकडच्या काठावरून हात हलवत होते,
आणि तो काठ काल अलीकडे होता."

मग त्याला खाली नेतात, तळघरात, टॉर्च देऊन.
दर एप्रिलमध्ये तिथे पाणी येतं.
कुठून, हे प्लंबरला कळलं नाही, दोघांना विचारलं.
अर्ध्या जमिनीपर्यंत येतं आणि थांबतं.
फरशीवर डाग आहे, सरळ, फिकट, साठ वर्षांचा.

निल्टन वर येऊन सांगतो, डाग कुठून कुठे जातो.
ओडील दुर्बीण वळवते, आकडा बघते,
पुन्हा बघते.
चार इंचांचा फरक.

"वहीत लिहायचं?" तो विचारतो.
तळघराचा ओलावा पुरावा होत नाही.
ती पेन्सिल कानामागे ठेवते, मग काढते,
आणि समासात लिहितेच, बारीक अक्षरात.

दोन गड्ड्यांच्या मधे लोखंडी खुंटी,
पाच घाव, वर नारिंगी फीत.
बाई कोबीवरची माती झटकतात.
"उंच ठेवली असती तर वाल चढवला असता," म्हणतात,
आणि पाइप सोडायला जातात.